टँकरची बातमी पेपरात का येत नाही?

घोडबंदरकर: आमच्या सोसायटीत रोज टँकर. ओळखीच्या वार्ताहराला फोटो पाठवले, बघतो म्हणाला, आणि रविवारी त्याच पेपरला आमच्याच बिल्डरची फुल पेज जॅकेट, म्हणजे पहिल्या पानावर चढवलेली पानभर जाहिरात! आत बातमीसारखं दिसणारं अख्खं पान, कोपऱ्यात मुंगीएवढं 'जाहिरात'. हे चालतं कसं?

कोपरीचा काका: अहो पाच-सहा रुपयांत कागद-छपाईचा खर्च तरी निघतो का, त्यात विक्रेत्याचं कमिशन. पेपर जाहिरातीवरच चालतो, मग बिल्डरला कोण दुखावणार.

नेरुळवाली: वार्ताहराला शिव्या घालू नका हं. बऱ्याच जणांना मानधन नावापुरतं आणि वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती पण त्यांनीच आणायच्या, म्हणजे सकाळी ज्याच्याकडे जाहिरात मागायची संध्याकाळी त्याच्याच विरुद्ध लिहायचं, कसं जमणार?

जुना वाचक: नवीन नाही हे. २००९ च्या विधानसभेला पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्या, हे प्रकरण केवढं गाजलं. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेपरांची नावं घेऊन अहवाल लिहिला, तर कौन्सिलने २०१० मध्ये तो आधी पूर्ण छापलाच नाही, माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये बाहेर आला! @घोडबंदरकर, पालिकेत आरटीआय टाका, नळजोडणीचे कागद हातात असले की बातमी दाबणं जरा जड जातं.

घोडबंदरकर: टाकतो. सेक्रेटरी म्हणतात फ्लॅटचे रेट पडतील, गप्प बसा 😐