मदत हवी आहे: घोडीच्या मागच्या पायाची जखम भरतच नाहीये, उलट मांस वर येतंय

नमस्कार मंडळी, मी अहमदपूर तालुक्यातला. घरी वरातीची घोडी आहे, मारवाडी क्रॉस, वय आठ-नऊ असंल. पावसाळ्यात शेजारच्या रानातल्या काटेरी तारेत मागचा डावा पाय अडकला आन् सुटायच्या नादात तिनं नळीवरची कातडीच सोलून काढली, सांध्याच्या खाली, समोरून. थोडं हाडपण उघडं पडलं होतं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी लगेच येऊन धुतलं, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, टाके घातले. पण तिथली कातडी आधीच ताणलेली, टाके काय टिकले नाहीत.

आधी भरत होती बरं का. लालभडक मांस आलं तेव्हा आम्ही खुश झालो. पण आता ते मांस कातडीच्याही वर आलंय, फुलकोबीच्या गड्ड्यासारखं, जरा धक्का लागला की भळाभळा रक्त येतंय आणि कडेची कातडी आहे तिथंच थांबलीय. वरून खालच्या बाजूला एक बारीक भोक पडलंय, त्यातून पातळ पू येतो, गोळ्या-इंजेक्शन चालू असले की बंद, थांबले की परत चालू. घोडी खाती-पिती, लंगडत पण नाही फारशी.

आता सल्ले ऐका. एकजण म्हणतो मोरचूद चोळ, दुसरा म्हणतो कापून डाग दे, मेडिकलवाला दरवेळी नवीन ट्यूब देतो. पट्टी बांधली की मांस जास्त वाढल्यासारखं वाटतं, उघडी ठेवली की माश्या. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या सुपाऱ्या चालू होतात, वडील म्हणतात माळेगावच्या जत्रेत काढून टाक, पण असल्या पायाची घोडी घेणार कोण, आणि मला काढायची बी नाही. कुणाच्या घोड्याला असं झालं होतं का? मोरचूद लावावं का नाही एवढं तरी सांगा.

टांगेवाला_नांदेड:
मोरचूद नको भाऊ. आमच्या वडिलांच्या काळात सगळे तेच लावायचे, मांस जळून खाली बसतंय हे खरं, पण ते कडेला येणारी नवीन नाजूक कातडी पण जाळतं आणि जखम आहे तिथंच राहते. डाग देणं तर त्याहून वाईट. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून लोकांना वाटतं साफ झालं, रोज रोज ते ओतलं तरी तेच होतं. साधं मिठाचं पाणी घ्या, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा दीड चमचा, आणि धार सोडून धुवा, घासू नका.

पशुवैद्य_परभणी:
टांगेवाल्या काकांशी सहमत. फोटो न बघता नक्की बोलणं बरोबर नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि तुमचं सगळं लक्ष चुकीच्या गोष्टीवर आहे.

मांस वर येणं हे घोड्याच्या पायाला नेहमीचंच. गुडघ्याच्या आणि मागच्या सांध्याच्या खाली स्नायू नाही, नुसती कातडी, कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाड. रक्तपुरवठा कमी, कातडीला ढिलाई नाही, वर पाय सारखा हलतोय. पोटावर किंवा पुठ्ठ्यावर एवढीच जखम झाली असती तर ती आखडून निम्मी झाली असती, पायावर ते आखडणं फार कमी होतं, सगळी भिस्त कडेकडून सरकणाऱ्या कातडीवर, आणि ती दिवसाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा सरकते. हिशोब तुम्हीच करा, तळहाताएवढ्या जखमेला महिने लागणारच. त्यात मांस कडेच्या वर गेलं की कातडीला तो चढ चढता येत नाही. गंमत म्हणजे तट्टांच्या पायाच्या जखमा मोठ्या घोड्यांपेक्षा लवकर भरतात, हे अभ्यासातही दिसलंय.

ते वाढीव मांस डॉक्टर ब्लेडनं कातडीच्या पातळीला छाटतात. त्यात चेतातंतू नसतात त्यामुळे घोडीला दुखत नाही, पण रक्त इतकं येतं की बघणारा घाबरतो, म्हणून घरी वस्तरा घेऊन बसू नका. छाटल्यावर दाबून पट्टी बांधावी लागते. परत येतं कधीकधी, परत छाटायचं.

पण खरं दुखणं ते भोक आहे. हाड उघडं पडलं होतं म्हणालात ना? हाडावरचं आवरण सोललं गेलं की बाहेरचा पापुद्रा मरतो आणि तो मेलेला तुकडा आत पडून राहतो. तो आहे तोवर पू येत राहणार, अँटिबायोटिकनं तात्पुरता थांबणार, आणि वरून कुठलीही ट्यूब लावा जखम मिटणार नाही. सुरुवातीच्या एक्स-रेत तो दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसायला लागतो. तुमच्याकडं आता दिसायला पाहिजे. तुकडा काढला की अशा जखमा भराभर सुधारतात, बऱ्याचदा गुंगीचं इंजेक्शन देऊन उभ्या घोडीवरच काम होतं. तारेचा तुकडा किंवा काटा आत राहिला असंल तरी असंच होतं.

अजून एक, दुखण्यासाठी कुणी डायक्लोफिनॅक दिलं तर घेऊ नका, २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून.

शिंगरूप्रेमी:
आमच्याकडं असंच मांस वाढलं होतं पण त्यात तांदळाच्या कणीएवढे पिवळे कडक दाणे निघायचे आणि घोडं जखम चावायचं खाजेनं. ते माश्यांमुळं होतं म्हणे, पोटातल्या जंताच्या अळ्या माशी जखमेवर सोडती. डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन दिल्यावर कमी आलं. दाणे दिसतात का बघा.

धागाकर्ता:
दाणे नाहीत, चावत पण नाही. भोकात डॉक्टरांनी मागं सळई घातली होती तेव्हा कडक काहीतरी लागलं म्हणाले होते, मला तेव्हा त्याचा अर्थ समजला नाही. मग उदगीरच्या पशुवैद्यकीय कॉलेजला नेऊ का परभणीच्या? इथून उदगीर जवळ पडतं. आणि जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ नंबर आहे, त्याला फोन केला तर काय होतं का?

पशुवैद्य_परभणी:
कडक लागलं असेल तर मग बहुतेक तेच. उदगीर जवळ आहे तर उदगीरलाच न्या, फक्त आधी फोन करून मोठ्या जनावराचा एक्स-रे चालू आहे का आणि सर्जन कोणत्या दिवशी असतात ते विचारा, नाहीतर फुकट हेलपाटा. १९६२ ची गाडी दारात येईल, ड्रेसिंगला उपयोगी, पण एक्स-रे त्यांच्याकडं नसतो.

तपासताना एकदा सगळा पाय चाचपून घ्यायला सांगा. मागच्या पायावर आतल्या बाजूनं दोरीसारखी सूज आणि तिच्यावर गाठी फुटून चिकट पू, असं दिसलं तर तो ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो, माणसालाही होतो, आणि त्याचं रक्त हिसारच्या अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातं. तुमचं वर्णन तसं नाही, तरी जत्रेत शेकडो घोड्यांत न्यायच्या आधी खात्री असलेली बरी.

टांगेवाला_नांदेड:
आणि सुपारीचं म्हणाल तर यंदा तुळशीनंतर लगेच वरातीत नाचवू नका. डीजेपुढं घोडी पाय आपटती, पट्टी सरकती, सगळं परत पहिल्यापासून. एखाद्या पाव्हण्याची घोडी भाड्यानं घ्या सीझनपुरती.

धागाकर्ता:
बरोबर आहे काका, दोन सुपाऱ्या घेतल्यात त्या मेव्हण्याच्या घोड्यावर ढकलतो. पिकअप मिळतोय. नेताना जखम उघडी ठेवू का बांधून नेऊ?

पशुवैद्य_परभणी:
बांधूनच. मिठाच्या पाण्यानं धुवून, न चिकटणारी जाळी, वरून कापसाचा जाड थर आणि मग क्रेप बँडेज. कापूस कमी आणि बँडेज आवळून असं करू नका, मागची कंडरा दबते आणि दुसरंच दुखणं लागतं. गाडीत खाली वाळू किंवा भुसा टाका म्हणजे पाय घसरणार नाही, तोंड पुढं करून बांधा. एक्स-रेच्या आधी जांभळी औषधं, पावडर काही लावू नका, पावडर फोटोत उमटती.