महदी आणि ख्रिस्तविरोधक एकच? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेलं बोलणं

शैलाकाकू (ए-१०३): वरचा व्हिडिओ मला भिशीच्या ग्रुपवरून आला. त्यात सांगतात की मुसलमान ज्या महदीची वाट बघतात तोच बायबलमधला ख्रिस्तविरोधक, दोन्ही पुस्तकांत तसं लिहिलंय, आणि शेवट आता जवळ आलाय. कुणाला यातलं नीट माहीत आहे का?

सचिव: धार्मिक फॉरवर्ड इथे टाकायचे नाहीत असं मीटिंगमध्ये ठरलंय. कृपया काढून टाका.

मेधाताई (सी-४०३): सचिवसाहेब, काढायला हवाच. पण व्हिडिओ इथे टाकला गेला, साठ घरांनी पाहिला, तर त्याचं उत्तरही इथेच मिळू द्या. आपल्याच बिल्डिंगमधल्या दोन घरांच्या श्रद्धेबद्दल त्यात खोटं सांगितलंय.

काकू, बायबलमध्ये महदी हा शब्दच नाही. असणारही कसा? त्यातलं शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, पहिल्या शतकाच्या अखेरीचं. इस्लाम सातव्या शतकातला. दुसरं म्हणजे कुरआनातही महदीचं नाव नाही, आणि दज्जालचंही नाही. दोघंही हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या नि आठवणींच्या संग्रहांतून येतात. म्हणजे ‘दोन्ही पुस्तकांत लिहिलंय’ हे पहिलंच वाक्य चुकीचं.

निखिल (बी-२०१): दज्जाल कोण?

इरफानभाई (बी-३०४): मी सांगतो. कयामतीच्या, म्हणजे अखेरच्या न्यायाच्या आधी येणारा मोठा फसवा. एका डोळ्याने आंधळा, चमत्कार दाखवणारा, लोकांना स्वतःची पूजा करायला लावणारा. माझ्या आजीने दापोलीकडे आम्हाला लहानपणी कुरआनातल्या सूरह कहफच्या पहिल्या दहा आयती पाठ करायला लावल्या होत्या, त्या दज्जालपासून राखतात अशी हदीस आहे म्हणून. महदी त्याच्या बरोबर उलट. पैगंबरांच्या घराण्यातला, अन्यायाने भरलेली जमीन न्यायाने भरणारा. त्याच्या हदीस मुख्यतः अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत आहेत.

आता मुख्य गोष्ट. दज्जालला मारतो कोण? हजरत ईसा. म्हणजे तुमचे येशू. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे: दिमश्कच्या (दमास्कसच्या) पूर्वेला पांढऱ्या मनोऱ्यापाशी दोन फरिश्त्यांच्या पंखांवर हात ठेवून ते उतरतात, आणि लुद्द गावाच्या दारापाशी दज्जालला गाठतात. त्यांना पाहताच तो पाण्यात मीठ विरघळावं तसा विरघळू लागतो.

मेधाताई (सी-४०३): आणि थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात येतं की तो अधर्मी पुरुष, म्हणजे ख्रिस्तविरोधक, प्रकट होईल आणि प्रभू येशू आपल्या मुखातल्या श्वासाने त्याचा नाश करील. काकू, म्हणजे जोडी लावायचीच तर ख्रिस्तविरोधकाची दज्जालशी लागते, महदीशी नाही. व्हिडिओवाल्याने एकाचा नायक उचलून दुसऱ्याच्या खलनायकाच्या जागी बसवला. याचा मला राग येतो. कारण असं केल्यावर शेजारी ज्याची आदराने वाट पाहतो तोच तुम्हाला सैतान दिसायला लागतो. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. ख्रिश्चन ज्याला ख्रिस्त म्हणून स्वीकारतील तो खरं तर दज्जालच असेल, असं सांगणारे व्हिडिओही फिरतात. तेही तितकेच वाईट.

निखिल (बी-२०१): आणि ६६६? बारकोड, आधार, चिप वगैरे?

रूथकाकू (ए-४०१): निखिल, मी अहमदनगरच्या मिशन शाळेत शिकलेली, हे लहानपणापासून ऐकतेय. प्रकटीकरणाच्या १३ व्या अध्यायात देवाविरुद्ध उठणाऱ्या श्वापदाची ती संख्या आहे. बरेच अभ्यासक ती रोमी सम्राट नीरोकडे बोट दाखवते असं मानतात, कारण त्याच्या नावातल्या इब्री अक्षरांची बेरीज तेवढी येते. काही जुन्या हस्तलिखितांत तर ६१६ आहे. छळ सोसणाऱ्या मंडळींना लिहिलेलं पुस्तक आहे ते. त्यात आधार कार्ड शोधू नये.

आणि शेवटाबद्दल सगळे ख्रिस्ती एकच मानतात असंही नाही. विसाव्या अध्यायातलं ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य कॅथलिक लोक आणि आमच्यासारखे पुष्कळ जण अक्षरशः घेत नाहीत, संत ऑगस्टीनपासून तसंच चालत आलंय. विश्वासणारे एकाएकी वर उचलले जातील आणि गाड्या रिकाम्या धावत राहतील, हे जे सिनेमातून दिसतं, ती शिकवण जॉन नेल्सन डार्बी यांनी १८३० च्या दशकात पसरवली. सगळ्यांच्या तोंडी मात्र जुन्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, एवढंच आहे: तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला पुन्हा येईल.

अप्पा (सी-१०२): मुसलमानांतही एकमत नाही. आपल्या बडोद्यातच बघा. अलवी बोहरा या शिया पंथाची गादी इथे आहे. त्यांचे एकविसावे इमाम तय्यब बाराव्या शतकात लोकांच्या नजरेआड गेले. इमाम त्यांच्याच वंशात आजही गुप्तपणे आहेत आणि दाई (पंथाचे धर्मगुरू) त्यांच्या वतीने काम पाहतात, अशी बोहरांची श्रद्धा. इराणकडचे शिया बाराव्या इमामांनाच महदी मानतात, ते ८७४ पासून दृष्टीआड आहेत. सुन्नींचा महदी अजून जन्मायचाय. आणि जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी तर स्वतःच महदी असल्याचं जाहीर केलं. गुजरातेत त्यांना पुष्कळ अनुयायी मिळाले, ते महदवी.

या विषयाला आपल्या गावात परंपरा आहे, बरं का. सयाजीराव महाराजांनी बडोदा कॉलेजात धर्मांच्या तुलनात्मक अभ्यासासाठी प्राध्यापक नेमला होता, आल्बन विजरी.

शैलाकाकू (ए-१०३): अहो पण येशू दोघांचाही परत येणार, तर मग फरक काय राहिला? आपण म्हणतोच ना, सगळं एकच.

मेधाताई (सी-४०३): काकू, एकच म्हटलं तर दोघांवरही अन्याय होईल. फरक मोठा आहे आणि तो क्रुसापासून सुरू होतो. ख्रिस्ती श्रद्धेत येशू क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, मरण मागे टाकलं. म्हणून तो येतो तो राजा आणि न्यायाधीश म्हणून, परत मरायला नाही. कुरआन (४:१५७-१५८) म्हणतं की त्यांना मारलंही नाही, सुळावरही दिलं नाही, अल्लाहने आपल्याकडे उचलून घेतलं. आणि प्रत्येक जिवाला मरण चाखायचंच आहे, हेही कुरआनच सांगतं (३:१८५). म्हणजे बहुतेक मुसलमानांच्या समजुतीप्रमाणे ईसांचं मरण अजून बाकी आहे. ते येतात, दज्जालला मारतात, काही वर्षं न्यायाने राहतात, मग माणसासारखे मरतात. त्यांची जनाजाची नमाज होते, आणि मदिनेत पैगंबरांच्या शेजारी दफन होतं अशी परंपरा आहे. अखेरचा न्याय ईसा करत नाहीत, अल्लाह करतो.

माझ्या मते सगळी तुलना इथेच आहे. एकाच्या कथेत येशूचं मरण होऊन गेलंय, दुसऱ्याच्या कथेत ते व्हायचंय. बाकीचे तपशील इथूनच फुटतात. याजूज-माजूज घ्या, शेवटी सुटून उच्छाद मांडणाऱ्या टोळ्या, बायबलातले गोग-मागोग. कुरआनात झुलकरनैन नावाच्या राजाने लोखंड आणि तांब्याची भिंत घालून त्यांना कोंडलंय. हदीसप्रमाणे ते दज्जालनंतर सुटतात. तेव्हा ईसा लोकांना घेऊन तूर डोंगरावर जातात आणि दुआ करतात, एखाद्या नबीने करावी तशी. प्रकटीकरणात गोग आणि मागोग हजार वर्षांच्या शेवटी येतात आणि आकाशातून पडलेल्या अग्नीने जळतात. कुणी डोंगरावर आसरा शोधत नाही.

रूथकाकू (ए-४०१): इरफानभाई, एक विचारू? राग मानू नका. ईसा येऊन क्रूस मोडतील असंही तुमच्याकडे आहे ना? ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार लागलं होतं.

इरफानभाई (बी-३०४): आहे काकू. बुखारीच्या हदीससंग्रहातही आहे, सहीह मुस्लिममध्येही. खोटं कशाला सांगू? आमचे आलिम (धर्मपंडित) त्याचा अर्थ असा लावतात की ईसा स्वतःच सांगतील, मी देवाचा पुत्र नव्हे, बंदा आहे. पण हे तुम्हाला का लागतं ते मला समजतं. आणि तुमच्या न्यायाच्या दिवशी येशूला न मानणाऱ्याचं काय होतं, ते ऐकून मलाही लागतंच की.

रूथकाकू (ए-४०१): हो. ते बरोबर बोललात. तिथे आपलं जुळत नाही.

मेधाताई (सी-४०३): इतकं स्पष्ट बोललात दोघंही, बरं वाटलं. आता जिथे जुळतं तेही लिहिते, कारण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मत्तयाच्या २५ व्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो: मी भुकेला होतो, तहानेला होतो, आजारी होतो. लोक विचारतात, प्रभू, तू कधी भुकेला होतास? आणि सहीह मुस्लिममध्ये कयामतीच्या दिवशी अल्लाह माणसाला म्हणतो: मी आजारी होतो, तू विचारपूस केली नाहीस; मी जेवण मागितलं, तू दिलं नाहीस. माणूस विचारतो, तू तर सगळ्या विश्वाचा पालनकर्ता, तुला कसं जेवू घालू? उत्तर येतं: माझा अमुक बंदा भुकेला होता, त्याला दिलं असतंस तर ते माझ्यापाशी सापडलं असतं. एवढ्या झगड्याच्या विषयात, हिशेबाच्या त्या दिवशी दोन्हीकडे प्रश्न मात्र हाच. व्हिडिओत यातलं अक्षर नाही. त्यात सगळा वेळ शत्रू कोण, याचाच शोध.

शैलाकाकू (ए-१०३): आणि तारीख? त्यात तर वर्षसुद्धा दिलंय.

रूथकाकू (ए-४०१): मत्तय २४:३६. त्या दिवसाविषयी व घटकेविषयी कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला. तरी माणसं तारखा देतातच. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली होती. कित्येकांनी शेतं कापायची सोडून दिली. दुसरा दिवस उजाडला तेव्हा त्या लोकांचं काय झालं असेल, याचा विचार व्हिडिओवाल्यांनी करावा.

इरफानभाई (बी-३०४): कुरआन ७:१८७. त्या घडीचं ज्ञान फक्त माझ्या पालनकर्त्यापाशी.

शैलाकाकू (ए-१०३): व्हिडिओ इथून काढला. भिशीच्या ग्रुपवर हे दोन्ही आकडे टाकते. इरफानभाई, त्या सूरहचं नाव काय लिहू?

इरफानभाई (बी-३०४): सूरह अल-आराफ. आराफ, दीर्घ आ.