मदत हवी आहे: प्रागमधला पहिला दिवस कसा आखू?
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच एकटी परदेशी निघालेय, प्रागला. पोहोचेन शनिवारी रात्री, म्हणजे पहिला पूर्ण दिवस रविवारचा. तिथेच अडलंय.

भल्या सकाळी चार्ल्स पूल गाठायचा, हे नक्की. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल, कठड्यांवरचे तीस पुतळे, खाली व्ल्टावा नदी. गर्दी व्हायच्या आत शांतपणे बघायचंय. पुढे किल्ल्यावर जावं, तर तिथलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद, दुपारी उघडतं. म्हणून सकाळ योसेफोव या जुन्या ज्यू वस्तीला देईन म्हणते. तिथल्या पिंकास सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या, भिंतींवर नाझींच्या छळात बळी पडलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावं हातानं लिहिलेली आहेत. या प्रवासात मला सगळ्यात जास्त ओढ त्याच जागेची आहे. (शनिवारी ती बंद असते, त्यामुळे रविवारच बरा.)

ती नावं वाचून बाहेर आल्यावर लगेच किल्ला बघायचं मन राहतं का? की किल्ला सोमवारवर ढकलू? जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने सांगा. २२ नंबरची ट्राम वर सोडते, पण माझ्या गुडघ्याला चढापेक्षा उतार जड जातो. उतरतानाही ट्रामच घ्यावी का?

आणि रात्री १४१० सालचं खगोलीय घड्याळ बघून एकटीने मुक्कामी परतणं कसं वाटलं? बायकांचे अनुभव विशेष हवेत. शाकाहारी जेवणाचंही सुचवा.