यादीत आपलं माणूस नव्हतं, तो दिवस: अनुभव लिहा

मे २०२५. सात तारखेला रोहितने आणि बारा तारखेला विराटने कसोटीला रामराम ठोकला. दोघांनीही इन्स्टाग्रामवर लिहिलं आणि झालं. बाबा चहा घेत होते. कप तसाच हातात धरून म्हणाले, "अगं, पण त्यांना शेवटचं मैदानातून परत येताना बघायचं होतं ना!"

१६ नोव्हेंबर २०१३ला मी बाबांबरोबर वानखेडेवर होते. भाषण झाल्यावर सचिन एकटा खेळपट्टीपर्यंत गेला आणि वाकून तिच्या पाया पडला. आमच्या रांगेत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. असा निरोप सगळ्यांच्या वाट्याला येत नाही हे कळतं, तरी जीव तुटतोच.

निवड, दुखापत, निवृत्ती यांवर आपण तावातावाने भांडतो. ते भांडण या वेळी जरा बाजूला ठेवू. यादी लागली आणि त्यात आपलं माणूस नव्हतं, भरात असताना ते जायबंदी झालं किंवा एक दिवस अचानक थांबलं, तेव्हा तुम्ही कुठे होतात? तेवढं लिहा.

दादर
शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर वाढलेला माणूस दुसरं कुणाबद्दल लिहिणार? पद्माकर शिवलकर, मुंबईचे डावरे स्पिनर, आमचे पॅडी. १९७२-७३ची रणजी फायनल, चेन्नईचं चेपॉक मैदान. तमिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ बळी, दुसऱ्यात १८ धावांत ५. तिसऱ्या दिवशीच्या पहिल्याच चेंडूवर सामना खलास. प्रथम श्रेणीत एकूण ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही, कारण बिशनसिंग बेदी त्याच काळात खेळत होते. बेदींबद्दल मनात काही नाही, ते थोरच होते. पण आखाडा झालेल्या, चेंडू हातभर वळणाऱ्या विकेटवर दोघं डावरे स्पिनर एकदा तरी एकत्र खेळवून बघायला काय हरकत होती?

संघ जाहीर व्हायचा तेव्हा आमचे काका रेडिओला कान लावून बसायचे. नाव आलं नाही की न बोलता बटण फिरवायचे. मार्च २०२५मध्ये पॅडी गेले, त्या रात्री काकांचा फोन आला. नव्वदीच्या घरातला माणूस, आवाज कापत होता. "एक तरी टेस्ट द्यायला नको होती का रे?" एवढंच म्हणाले.

वर्धा
६ फेब्रुवारी २०१०, नागपूरचं जामठा स्टेडियम, कसोटीत समोर दक्षिण आफ्रिका. लक्ष्मण दुखापतीमुळे नाही, म्हणजे रोहितचं पदार्पण पक्कं, असं धरून आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने निघालो. सकाळी फुटबॉल खेळताना रोहितचा घोटा मुरगळला. हाताशी दुसरा फलंदाजच नव्हता, म्हणून साहा या विकेटकीपरला नुसता फलंदाज म्हणून उतरवलं. पुढे स्टेनने ५१ धावांत ७ बळी घेतले आणि आपण डावाने हरलो.

रोहितला टोपी मिळायला नोव्हेंबर २०१३ उजाडलं. कोलकात्याच्या ईडनवर १७७. शतक झालं त्या गुरुवारी मी बँकेत कॅश काउंटरला होतो. एका ओळखीच्या काकांनी पासबुक आत सरकवता सरकवता मोबाइल काचेला लावून स्कोअर दाखवला. नोटा दोनदा मोजाव्या लागल्या.

पुणे
बारा वर्षं मी वयोगटांच्या निवडीत बसलोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. निरोपाची कसोटी मागताना ती जागा दुसऱ्या कुणाची तरी असते, हे विसरू नका. १९७१मध्ये विजय मर्चंट यांनी निवड समितीचे अध्यक्ष म्हणून कर्णधारपदासाठी आपलं निर्णायक मत पतौडींऐवजी अजित वाडेकरांना दिलं. पतौडींच्या चाहत्यांना ते किती लागलं असेल! पण त्याच वर्षी आपण वेस्ट इंडिज आणि इंग्लंड, दोन्हीकडे मालिका जिंकलो.

यादी वाचणाऱ्यालाही ती जड जाते. एकदा नावं वाचत असताना समोर एक मुलगा बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता. त्याचं नाव आलं नाही. त्याने पॅड फडक्याने पुसले, किटबॅगेत भरले आणि जाताना माझ्या पाया पडून गेला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. निर्णय मात्र आजही बरोबरच वाटतो.

धागाकर्ती
अर्धं पटलं. जागा अडवू नये, मान्य. पण अजिंक्य रहाणेचं बघा. २०२०-२१च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ॲडलेडला ३६वर गुंडाळलेला संघ त्याने मेलबर्नला उभा केला, स्वतः ११२ काढल्या आणि विराट नसताना मालिका जिंकून आणली. जून २०२३च्या ओव्हलवरच्या कसोटी अजिंक्यपदाच्या फायनलमध्ये बोटाला मार बसूनही ८९. जुलैत वेस्ट इंडिजमध्ये दोन कसोटी, आणि त्यानंतर यादीत नाव यायचंच थांबलं. हे मला अजून पचलेलं नाही.

ब्रिस्बेन
१८ डिसेंबर २०२४, गॅबा. पावसाने सामना अनिर्णित राहिला. अश्विन त्यात खेळतही नव्हता. घरी परतताना ट्रेनमध्ये बातमी वाचली: ५३७ कसोटी बळी घेऊन निवृत्त. लेक म्हणाला, "आई, आपण तिथेच होतो. टाळ्या तरी वाजवल्या असत्या."

सांगली
जानेवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात स्मृती मानधनाच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. जूनमध्ये वर्ल्ड कप. आमच्या गावात सगळ्यांनी तो सोडून दिला होता. ती परतली, डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९०, टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६.

चार वर्षांनी माझ्या मुलीचा तोच गुडघा गेला. जिल्ह्याची निवड चाचणी हुकली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं, असं दिवसातून चार वेळा. ती रडायची आणि मी मोजायचे. तिने कपाटाच्या दारावर आतून खडूने "९०" लिहून ठेवलं होतं. ती परत खेळली, पण पूर्वीसारखी धावू शकली नाही. खडूचे आकडे मी अजून पुसलेले नाहीत.

नेरूळ
२६ ऑक्टोबर २०२५ला, महिला वर्ल्ड कपमध्ये, डी. वाय. पाटील स्टेडियमवर सलामीच्या प्रतिका रावलचा पाय माझ्या डोळ्यांसमोर मुरगळला. बरोबर पुढच्या रविवारी तिथेच फायनल. प्रतिकाच्या जागी आलेली शेफाली वर्मा आधी राखीव यादीतही नव्हती. तिने ८७ काढल्या, वर दोन बळी. पावसामुळे दोन तास उशीर झालेला, निकाल लागेपर्यंत मध्यरात्र.

प्रतिका व्हीलचेअरवर, खांद्यावर तिरंगा. हरमनप्रीत प्रशिक्षक अमोल मुझुमदारच्या पाया पडली. १९८८मध्ये आझाद मैदानात सचिन आणि विनोद कांबळीची शालेय सामन्यातली ६६४ची भागी चालू असताना पॅड बांधून बसलेला हाच तो मुलगा. प्रथम श्रेणी पदार्पणात २६०, कारकिर्दीत ११ हजारांवर धावा, भारताची टोपी कधीच नाही. माझ्या पुढच्या रांगेत साठीचे एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून घसा फुटेस्तोवर ओरडत होते, "अमोल! अमोल!"