‘आक्रमण’ की ‘चढाई’? दोस्त राष्ट्रांच्या ‘ऑफेन्सिव्ह’ला मराठीत काय म्हणावे

फलकवाली

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात माजी सैनिकांवर छोटंसं प्रदर्शन भरवतोय. त्यातला एक फलक शिपाई नामदेव जाधव यांच्यावर आहे: पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, पहिली पलटण, इटलीतली सेनियो नदी, ९ एप्रिल १९४५, व्हिक्टोरिया क्रॉस. इंग्रजी मजकुराचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ‘अलाइड ऑफेन्सिव्ह’पाशी गाडी अडली. मी लिहिलं, ‘दोस्त राष्ट्रांच्या आक्रमणाच्या पहिल्या संध्याकाळी’. आईने वाचलं आणि विचारलं, “आक्रमण आपल्या लोकांनी केलं होय?” तेव्हापासून डोक्यात भुंगा. चढाई, स्वारी, मोहीम, हल्ला, एल्गार… शब्द ढीगभर, पण नेमका एकही बसेना.

जुना वाचक

आईंचा कान पक्का आहे, ताई. ‘आक्रमण’ मुळात निरुपद्रवी शब्द. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. जुन्या गद्यात प्रवासी खुशाल ‘वाट आक्रमू’ लागतो आणि त्यात कुणाचं काही जात नाही. पण आज ‘आक्रमण केले’ म्हटलं की करणारा दोषी ठरूनच वाक्यात येतो. १९६२ साली चीनने केलं ते आक्रमण. १९४८ साली हैदराबादेत आपलं सैन्य शिरलं ती ‘पोलीस कारवाई’, आणि १९६१ साली गोव्यात गेलं ती ‘गोवा मुक्ती’. कोण बोलतंय त्यावर शब्द ठरतो. इंग्रजीत हा संकोच कमी दिसतो. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीत उतरले त्याला दोस्त राष्ट्रांनी स्वतःच अभिमानाने ‘इन्व्हेजन’ म्हटलं. आपण त्याचं शब्दशः ‘आक्रमण’ करून बसतो आणि दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवरसाहेब उगाच खलनायक होतात.

गंमत म्हणजे ‘आक्रमक’ला हा डाग नाही. ‘आक्रमक फलंदाजी’ वाचून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही.

पाटावरून

मग सरळ ‘चढाई’ लिहा की. पण एक सांगतो, मी शाळेत असल्यापासून कबड्डी खेळलोय आणि माझ्या डोक्यात चढाई म्हणजे जाणं आणि *परत येणं*. मध्यरेषेला हात लागला नाही तर चढाई फुकट. दुसऱ्याच्या मुलखात ठाण मांडायला गेलात तर तुम्ही बाद.

या हिशेबाने खरी चढाई म्हणजे दिएप. १९ ऑगस्ट १९४२, फ्रान्सचा किनारा. सुमारे ६,००० माणसं गेली, त्यातले ५,००० च्या आसपास कॅनडाचे. उतरायचं, तोडफोड करायची, त्याच दिवशी परतायचं असा बेत. ९०० हून अधिक कॅनडियन मेले, जवळपास २,००० पकडले गेले. मध्यरेषेला हातच लागला नाही म्हणा. नॉर्मंडीला मात्र परत यायचा विचारच नव्हता.

जुना वाचक

दिएपला ‘छापा’ म्हणा, अगदी चपखल बसतो. पण कबड्डीची चढाई ही लढाईच्या चढाईवरून आली, उलट नव्हे. रामाने लंकेवर चढाई केली म्हणतो तेव्हा दम लागायच्या आत परत यायची अट कुठे होती?

पाटावरून

हे मान्य. तिथे तर चौदा वर्षं संपायच्या आत परत न यायची अट होती :)

मोडीप्रेमी

एका शब्दाकडे कुणी वळलंच नाही: मसलत. आज मसलत म्हणजे नुसता सल्ला, ‘सल्लामसलत’मधला जोडीदार. पेशवाईतल्या पत्रांत ती आख्खी मोहीम असते, म्हणजे खलबतापासून रणापर्यंतचं सगळं. ठरवणं आणि करणं एकाच शब्दात. इंग्रजीला इथे ‘प्लॅन’ आणि ‘कॅम्पेन’ असे दोन लागतात. आणि अनेकांनी मिळून करायच्या युद्धाला हा शब्द जितका शोभतो तितका ‘चढाई’ शोभत नाही. मित्रांबरोबरच्या युद्धात निम्मी लढाई मित्रांशीच बोलण्यात जाते.

१७८० ची नाना फडणविसांची मसलत घ्या. इंग्रजांविरुद्ध चौघांनी चार बाजूंनी उठायचं. म्हैसूरच्या हैदरने कर्नाटकात (आजचं राज्य नव्हे) मद्रासच्या बाजूला, निजामाने उत्तर सरकारात म्हणजे आंध्रच्या किनाऱ्याकडे, नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर, आणि पुण्याने आपल्या फौजांनिशी मुंबई-गुजरातकडे. कागदावर इतकी सुंदर योजना त्या शतकात दुसरी दाखवा! हैदर शब्दाला जागला. जुलैत कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबरला पोल्लिलूरला इंग्रज कर्नल बेलीची फौज साफ कापली. निजामाला इंग्रजांनी गुंटूर परत देऊन गप्प केलं. भोसल्यांची फौज कटकेकडे निघाली खरी, पण अशा चालीने की पोचायची घाई कुणालाच नसावी. इंग्रज गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जचा पैसा मधे आला. शेवटी १७ मे १७८२ ला मराठे-इंग्रजांत सालबाईचा तह झाला.

पुढे उलट पारडं. टिपूविरुद्ध १७९० साली पुणे, निजाम आणि इंग्रज एका बाजूला. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा सेनापती कॉर्नवॉलिस टिपूच्या श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला, पण दाणा संपला, बैल मेले. वेढ्याच्या जड तोफा स्वतःच्या हाताने फोडून तो माघारी वळला. वाटेत मेलकोट्याजवळ घोडेस्वार दिसले. इंग्रजांना वाटलं टिपूचेच. निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन! मराठे इतके जवळ आले होते आणि साहेबाला पत्ता नव्हता, कारण मधले जासूद टिपूच्या माणसांनी पकडले होते. दोन दिवस आधी एक जासूद जरी पोचता तर त्या तोफा वाचत्या. मराठ्यांच्या बाजारात धान्य होतं, इंग्रज पोटभर जेवले. भाव अर्थातच बाजाराने लावला तो.

फलकवाली

मोडीकाका, हे वाचताना अंगावर काटा आला. जासूद पोचला नाही म्हणून तोफा गेल्या! आणि माझ्या फलकावरचे नामदेव जाधव कंपनीचे ‘रनर’ होते, म्हणजे जासूदच ना?

मोडीप्रेमी

ताई, काम तेच. पण फलकावर ‘जासूद’ लिहू नका, आजची पोरं ‘गुप्तहेर’ समजतील. ‘निरोप्या’ लिहा.

भोंगा

‘आघाडी’ सुचवणार होतो पण त्यात मोठा खड्डा आहे. आघाडी म्हणजे सैन्याचं पुढचं तोंड, पाठीमागे पिछाडी. पूर्वी घोड्याच्या पुढच्या-मागच्या पायांच्या दोऱ्यांनाही आगाडी-पिछाडी म्हणत. मग दुसऱ्या महायुद्धात ‘दुसरी आघाडी’ आली, स्टालिन मागत होता ती. आणि आता आघाडी म्हणजे पक्षांची मोट. ‘दोस्तांची इटलीतली आघाडी’ वाचून कुणाला वाटेल रणांगण, कुणाला वाटेल जागावाटप. मथळेवाल्यांना ‘आघाडीत बिघाडी’ लिहायला मिळतं हाच काय तो फायदा.

‘मोर्चा’चं तेच झालं. तोफा मांडायची जागा होती, आता घोषणा देत चालायची मिरवणूक झाली. फक्त ‘मोर्चेबांधणी’ने जुना अर्थ थोडा धरून ठेवलाय, तीही निवडणुकीपुरती. ‘एल्गार’ही मैदानावरच्या सभेला गेला.

जुना वाचक

‘स्वारी’ही बाद करा. ‘दोस्तांची स्वारी इटलीत पोचली’ म्हटलं की डोळ्यांपुढे जावईबापू येतात.

पाटावरून

हूल! हूल कुणी घेतली नाही. कबड्डीत डावा पाय दाखवून उजव्या हाताने टिपतो ती. सेनियोवर दोस्तांनी दुपारपासून तेच केलं. विमानांनी आणि तोफांनी भाजून काढायचं, तोफा थांबवायच्या. जर्मन समजणार आता पायदळ येतंय, बिळातून वर येऊन बंदूक धरणार, की पुन्हा तोफा. असं अनेकदा. संध्याकाळी तोफा शेवटच्या थांबल्या तेव्हा विमानं पुन्हा खाली झेपावली, पण ती नुसती हूल. तोवर माणसं नदीकाठी. अख्खा बेतही तसाच. आधी ९ एप्रिलला पूर्वेकडून आठवी फौज सुटली. तिच्यात ब्रिटिश, न्यूझीलंडचे, पोलंडचे आणि आपले. जर्मनांचं लक्ष आणि राखीव सैन्य तिकडे ओढलं गेलं की पाच दिवसांनी, १४ तारखेला, अमेरिकनांची पाचवी फौज बोलोन्याच्या दक्षिणेच्या डोंगरांतून.

फलकवाली

थांबा, मला बहुतेक सापडलं. ‘चढाई’ तिथे अक्षरशः खरी ठरतेय! मूळ मजकुरात नदीचं माप दिलंय: रुंदी जेमतेम १५ फूट, पाणी ४-५ फूट. म्हणजे आमच्या ओढ्यापेक्षा फार मोठी नाही. पण दोन्ही काठांना पुराचे बांध, ३० ते ३५ फूट उंच, कडेलोट उभे. आणि बांधांच्या पोटात जर्मनांनी पोखरून केलेली बिळं, वर सुरुंगांचा पट्टा. नदी ओलांडून पलीकडे निघाल्यावर मागच्याच बांधातल्या तीन ठाण्यांवरून मशीनगन चालल्या. कंपनी कमांडर आणि दोन जण जखमी, बाकीचे ठार, एकटे जाधव धडधाकट. त्यांनी एका जखमीला पाण्यातून, सुरुंगांतून बांध चढून वर नेलं. मग दुसऱ्याला. तिसऱ्यांदा परत गेले ते मशीनगनवर. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. मधे बॉम्ब संपले तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन साथीदारांकडून आणखी आणले. तिन्ही ठाणी गप्प झाल्यावर माथ्यावर उघड्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना, आणि हाताने खूण: या!

याला ‘आक्रमण’ कसं म्हणू.

मोडीप्रेमी

म्हणू नका. तीन थर करा: पूर्ण युद्धकार्य ती मोहीम (९ एप्रिल ते २ मे, जर्मन शरण येईपर्यंत), त्या संध्याकाळची चढाई, आणि एकेका ठाण्यावरचा हल्ला. माझी मसलत मी मागे घेतो, वाचनालयात टाचण लावावं लागेल.

भोंगा

‘दोस्त राष्ट्रे’ तसंच ठेवा पण. ‘मित्रराष्ट्रे’ हल्ली शेजारी देशाच्या पाहुण्याच्या बातमीत येतं. ‘दोस्त’ म्हटलं की आपोआप १९४५.

फलकवाली

फलकाचं पहिलं वाक्य असं केलंय: ‘इटलीतील दोस्त राष्ट्रांच्या अखेरच्या मोहिमेत, ९ एप्रिल १९४५ च्या संध्याकाळी, मराठा पलटणीने सेनियो नदीच्या बांधांवर चढाई केली. कंपनीचे निरोप्ये शिपाई नामदेव जाधव…’

आईला दाखवलं. ती म्हणाली ‘निरोप्ये’ वाचताना जीभ अडखळते.

जुना वाचक

‘कंपनीचे निरोप पोचवणारे शिपाई’ करा. जागा आहे ना फलकावर?