मदत हवी आहे: जुन्या इंग्लिश बेंच ड्रिलचे गहाळ भाग ठाण्यात कसे बनवून घ्यावेत?

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधला मामांचा गाळा गेल्या महिन्यात विकला. लेथ आणि शेपर भंगारवाल्याने किलोच्या भावाने उचलले. कोपऱ्यातलं बेंच ड्रिल मात्र मी हट्टाने टेम्पोत घालून कळव्याला आणलं. सध्या ते बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी उभं आहे. (घरचं मत विचारू नका.)

बेस, खांब, टेबल सगळं बीडाचं आणि धडधाकट. हेडवर ‘मेड इन इंग्लंड’ अशी ओतीव अक्षरं आहेत. कंपनीची पाटी गेलीय, तिच्या रिव्हेटची चार भोकं तेवढी राहिलीत. मोटर नंतर कुणीतरी बदललेली: सिंगल फेज, अर्धा एचपी, 1440 आरपीएम. घासकाम बऱ्यापैकी झालंय. हिरव्या ऑइलपेंटखाली करडा, त्याच्याखाली काळा असे थर निघाले.

आता अडचणी. खाली-वर करायच्या दांड्याचा पिनियन (छोटं दातेरी चाक) शाफ्ट आहे, पण दोन दात तुटलेत आणि बाकीचे झिजून चाकूसारखे झालेत. दात 12, बाहेरचा व्यास व्हर्नियरवर 25.4 मिमी. एका गिअर कटिंगवाल्याला दाखवला तर म्हणाला, “दोन मॉड्यूल असेल, टाकून जा, संध्याकाळी देतो.” (मॉड्यूल म्हणजे गिअरच्या दाताचं मेट्रिक माप.) मला ते पटलं नाही, परत घेऊन आलो. दुसरं म्हणजे क्विल (स्पिंडलला धरून खाली-वर सरकणारी नळी) वर खेचणारी स्प्रिंग टोपीसकट गायब आहे. तिसरं, मोटरवरची चार पायऱ्यांची पुली शाबूत (125, 100, 75, 50 मिमी), पण स्पिंडलवरची (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्यावरची) पुलीच नाही. हँडलच्या तीन दांड्याही नाहीत. त्यांच्या भोकात 10 चा बोल्ट शिरत नाही आणि 8 चा नुसता खुळखुळतो.

ठाणे किंवा नवी मुंबईत अशी सुटी कामं नीट करून देणारं कुणी असतं का? आणि तिथे जाऊन नेमकं काय मागायचं?

— कळवा_पूर्व

तेलकट_हात:
परत घेऊन आलात ते उत्तम केलंत. 12 दातांचा दोन मॉड्यूलचा पिनियन असता तर व्यास 28 भरला असता (दात अधिक दोन, गुणिले मॉड्यूल). तुमचा बरोबर एक इंच आहे. इंग्लिश मशीन, म्हणजे मॉड्यूल विसरा, डीपीत (डायमेट्रल पिच, दाताचं इंची माप) विचार करा: 12 अधिक 2, भागिले 1 इंच, म्हणजे 14 डीपी. मॉड्यूलमध्ये ते 1.814 येतं आणि त्या मापाचा कटर कुणाकडेच नसतो. दोनचा कापून बसवला असता तर रॅकमध्ये (पिनियन जिच्यात अडकतो ती क्विलवरची सरळ दातेरी पट्टी) बसलाच नसता, किंवा ठोकून बसवला असता तर रॅकही गेला असता.

पण झिजलेल्या पिनियनवर विसंबू नका. क्विलवरचा रॅक सहसा कमी झिजतो, विशेषतः वरच्या टोकाला, जिथे हँडल क्वचितच पोचतं. तिथे एका दाताच्या कडेपासून अकराव्या दाताच्या त्याच बाजूच्या कडेपर्यंत माप घ्या. 57 मिमी आलं तर 14 डीपी पक्कं. 62.8 आलं तर तो गिअरवाला खरा. रॅकच्या दाताच्या दोन्ही बाजू सरळ असतात, त्यामुळे त्यांच्यातला कोनही मोजता येतो: 29 अंश असेल तर प्रेशर अँगल (दाताच्या एका बाजूचा कल) साडेचौदा, 40 असेल तर वीस. जुन्या इंग्लिश मालात साडेचौदा बऱ्याचदा सापडतो.

घणसोली_गॅरेज:
पिनियन थ्रीडी प्रिंट करून टाका की! माझ्याकडे प्रिंटर आहे, फाइल पाठवा.

तेलकट_हात:
अहो, 12 मिमीचं ड्रिल लोखंडात दाबताना सगळा जोर त्या एक-दोन दातांवर येतो. प्लास्टिक पहिल्याच भोकाला हात टेकेल. पिनियन ईएन 8 पोलादाचाच हवा, शाफ्टसकट एकाच तुकड्यात. तुमचा प्रिंटर पुलीच्या पॅटर्नसाठी (ओतकामाच्या नमुन्यासाठी) मात्र सोन्यासारखा आहे, ते पुढे कुणीतरी सांगेलच.

रबाळे_शिफ्ट:
मी सांगतो. पुलीसाठी डोकं खाजवायची गरजच नाही. स्पिंडलची पुली म्हणजे मोटरचीच पुली उलटी धरलेली. 125 समोर 50, 100 समोर 75, असं. समोरासमोरच्या जोडीची बेरीज सगळीकडे 175 येते, म्हणून एकच पट्टा चारही खाचांत चालतो. वेग येतील साधारण 3600, 1920, 1080 आणि 576. माइल्ड स्टीलमध्ये 12 चं भोक पाडायला 576 ठीक आहे.

फक्त भोकाचं माप मोटरच्या पुलीवरून घेऊ नका. वरची पुली स्पिंडलवर थेट बसत नाही, मधल्या स्लीव्हवर बसते, आणि स्पिंडल त्या स्लीव्हमधून वरखाली सरकतो. स्लीव्हचा बाहेरचा व्यास आणि चावीची खाच मोजा. ओतून घ्यायची असेल तर प्रिंटचा पॅटर्न बीडासाठी एक टक्का, ॲल्युमिनियमसाठी सव्वा टक्क्याच्या आसपास मोठा ठेवा, धातू थंड होताना आकसतो. वर लेथवर कापायला दोनेक मिमी. जुनी पुलीच मातीत दाबून ओतली तर लहान निघेल. एकच नग हवा असेल तर ओतकामाच्या फंदात न पडता ॲल्युमिनियमच्या गोल बारमधून टर्नरकडून काढून घ्या.

हँडलचं भोक 3/8 व्हिटवर्थ वाटतंय, इंचाला 16 आटे. टॅप घालून साफ करा आणि दांड्या नव्या काढा, मेट्रिकचे आटे पाडून भोक वाढवू नका.

कळवा_पूर्व:
रॅक मोजला. 57 ला केसभर कमी. कोन पत्र्याचा टेम्प्लेट कापून बघितला, 29 चा चपखल बसला. स्प्रिंगचं काय करू? तोवर क्विल हाताने धरून ठेवावं लागतंय, सोडलं की धप्पकन खाली येतं.

तेलकट_हात:
मग कुठेही गेलात तरी एवढंच लिहून न्या: 14 डीपी, साडेचौदा अंश, 12 दात, ईएन 8, कटर नंबर 8 (डीपीच्या सेटमध्ये 12-13 दातांना तोच लागतो), दाताची खोली 3.91 मिमी. “असेल, टाकून जा” म्हणणाऱ्याकडे टाकू नका. हॉबिंगवाल्यापेक्षा (मशीनवर सगळे दात सलग कापणाऱ्यापेक्षा) मिलिंगवर इंडेक्सिंग हेड लावून एकेक दात कापणारा म्हातारा कारागीर शोधा, त्याच्याकडे इंची कटरचा डबा असायची शक्यता जास्त.

स्प्रिंग नव्याने वळायच्या भानगडीत पडू नका. आजकालच्या बेंच ड्रिलची गुंडाळी स्प्रिंग टोपीसकट सुटी मिळते. हेडमधल्या खोबणीचा व्यास आणि खोली मोजून मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. टोपीचं भोक शाफ्टला जुळवायला टर्नर लागेल, म्हणून शाफ्ट कापायला देण्याआधी स्प्रिंग आणा. तिचं आतलं टोक ज्या खाचेत अडकतं ती खाच शाफ्टच्या टोकाला त्याच कामात पाडून घेता येईल. बसवताना हातमोजे आणि चष्मा घाला, टोपी सुटली तर पट्टी पात्यासारखी फिरते.

कळवा_पूर्व:
म्हणजे आधी नागदेवी, मग शाफ्ट. शनिवारी जातो. तोवर वागळे किंवा रबाळेत कुणाच्या ओळखीत 14 डीपीचा 8 नंबर कटर असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, बार माझा मी आणतो.