बारावीनंतर लगेच नोकरी की डिग्री? पुढच्या कमाईत खरंच फरक पडतो का?

बेदाणा_तासगाव
नमस्कार. धाकटा भाऊ यंदा बारावी सायन्स झाला, ६१ टक्के. कुपवाड एमआयडीसीत ओळखीनं हेल्परचं काम मिळतंय, महिना १३ हजार. तो जायला उतावीळ आहे. वडील म्हणतात, आधी बीएस्सी कर. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, पण फुलोऱ्यात पाऊस लागला की वर्ष हातचं जातं, त्यामुळं घरात पगार हवाच आहे. चुलतभाऊ केमिस्ट्रीत बीएस्सी करून मेडिकलच्या काउंटरवर ११ हजारांत उभा आहे. धाकटा त्याच्याकडं बोट दाखवून विचारतो, "मग मी तीन वर्षं कशाला घालवू?" मला उत्तर सुचलं नाही. दोन्ही बाजू पाहिलेल्यांनी सांगावं.

तिसरी_शिफ्ट
दादा, तुमच्या भावाचा हिशोब आधी मांडतो. तीन वर्षं कॉलेज म्हणजे ३६ महिन्यांचा पगार सोडला, ४ लाख ६८ हजार. फी, एसटीचा पास वेगळा. डिग्रीनंतर महिन्याला तीनच हजार जास्त मिळाले, तर नुसता बुडालेला पगार भरून यायला तेरा वर्षं लागतात. इथवर पोरगं बरोबर बोलतंय. पण हेल्परचे १३ हजार पुढं कुठवर वाढतात, ते त्यानं विचारलेलं नाही.

मी २००४ साली आयटीआय टर्नर करून मिरजेजवळच्या एका कारखान्यात लागलो. पहिली पाच वर्षं हात बसत गेला तसा पगारही वाढला. नंतर थांबला. २०१३ ला शिफ्ट इनचार्जची जागा निघाली. मायक्रोमीटर कसा धरायचा, ड्रॉइंगवरचा टॉलरन्स कसा वाचायचा, हे ज्या पोराला मी शिकवलं होतं, त्याला ती जागा मिळाली. त्याच्याकडं डिप्लोमा होता. साहेब म्हणाले, "काम तुला जास्त येतं, पण ऑडिटला कागद दाखवावा लागतो." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मंडळींनी पाटल्या काढून दिल्या. आयटीआयवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो, तो घेतला. शिफ्ट मागून रात्रपाळी लावून घेतली. रात्री अकरा ते सकाळी सात मशीन, दहाला कॉलेज. वर्गातली पोरं मला काका म्हणायची. त्या दोन वर्षांत मुलगी पहिलीतून दुसरीत गेली, तिचा अभ्यास मी एकदाही घेतला नाही. ते अजून टोचतं.

डिप्लोमा हातात आला तेव्हा पगार १४,५०० होता. वर्षभरात २२ हजार झाला, आज ४६ हजार आहे. माझ्याबरोबर लागलेले दोघे त्याच मशीनवर २४ हजारांत आहेत, आणि हातानं ते माझ्यापेक्षा सरस आहेत. म्हणून सांगतो, फरक पहिल्या पगारात शोधू नका, दहाव्या वर्षी कोण कुठं आहे ते बघा.

चुलतभावाचा अनुभव खोटा नाही. पुढं काय करायचं हे न ठरवता घेतलेली बीएस्सी आपल्याकडं फार पोरांना काउंटरवर आणून सोडते. पण तुमचा भाऊ सायन्सचा आहे. बारावी सायन्सवरही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश असतो, म्हणजे दोनच वर्षं. पुढं जमलं तर डिप्लोमावरून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी एकतिसाव्या वर्षी जे केलं, ते त्यानं अठराव्या वर्षी करावं.

माणदेशी
साध्या डिग्रीला इतकं कमी लेखू नका. मी दहिवडीकडची. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्यात रयत शिक्षण संस्था काढली नसती, तर आमच्या दुष्काळी भागातली माझ्यासारखी मुलगी साताऱ्यात बी.ए. झाली नसती. 'कमवा व शिका'त काम करून शिकले. डिग्रीनंतर तीन वर्षं तिच्यातून एक रुपया आला नाही. पण सरकारी बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते आणि पदवीशिवाय बसताच येत नाही. वयाची अट २० ते २८. मी २६ व्या वर्षी लागले. पोलीस शिपाई बारावीवर होता येतं, तलाठ्याला पदवी लागते. भावाला यातलं काही करायचं असेल तर बीएस्सी वाया जाणार नाही, फक्त पहिल्या वर्षापासून तयारी हवी.

आणि घरात बहीण असेल तर तिचंही बघा. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे.

हळद_पेठ
एक आकडा देतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या तरुण पदवीधरांची बेकारी २९.१ टक्के आहे, लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांची ३.४ टक्के. आकडे २०२२ चे. यावरून शिकू नये असं कोणी म्हणालं तर पटवून घेऊ नका. न शिकलेल्याला घरी बसून थांबणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवीधर मनासारख्या कामाची वाट बघतो. तेवढा काळ तुमच्या घराला झेपेल का, हे बागेचं कर्ज समोर ठेवून ठरवा.

बेदाणा_तासगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. तिसरी शिफ्टवाल्या दादांचं लिहिणं भावाला वाचून दाखवलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "डिप्लोमाची फी किती असते?" प्रवेश होईपर्यंत कुपवाडला कामावर जाईल, तो पगार फीसाठी बाजूला ठेवायचा ठरलंय. वडील सोमवारी त्याला घेऊन सांगलीला पॉलिटेक्निकात चौकशीला जाणार आहेत. दादा, दाखल्यांमध्ये काय काय लागतं तेवढं सांगाल का?